आडव्या वाऱ्यातलं उतरणं

रविवार, ८ फेब्रुवारी

मुंगळ्या,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली लिहायची असते. आम्ही धडधाकट आहोत. खुशाल आहोत की नाही, ते पुढचं वाचून तूच ठरव.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "ताई, नंतर करतो" म्हणून ठेवतोस. तुझं ते नंतर दोन वर्षं चाललंय. पत्र मधेच कापता येत नाही. फार तर न वाचता टाकून देशील, पण ते तुझ्याच्याने व्हायचं नाही. लहानपणी तू दुसऱ्यांच्या नावाची पाकिटं फोडायचास, हे तर तुझ्याच नावाचं आहे.

तर मुद्द्याचं. बाबा पुन्हा विमान बांधतायत.

कागद खाली ठेवू नकोस. मला माहितीय तू काय म्हणणार. रिमोटवरचं ते पिवळं विमान मैदानाच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या काचेत कसं घुसलं, आत बसलेल्या बाईंच्या केसांत काचेचा चुरा कसा होता, त्या कशा थोडक्यात वाचल्या, हे सगळं तू त्या संध्याकाळी घरी येऊन सांगितलंस. मी मैदानावर नव्हते, पण तुझं सांगणं मी ऐकलंय. बाबांना तू म्हणालास, "पुढच्या वेळी कुणाचा तरी जीव घ्याल." आणि म्हणालास, की विमानांचं हे कपाट घरात आहे तोवर मी या घरात नाही. कपाट आहे अजून.

दोन वर्षं त्यांनी त्याला हात लावला नव्हता. मग दिवाळखोर माणसाने जुनं दुकान उघडावं तसं एक दिवस उघडलं. कारण मोतीबिंदू. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि घरी आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरचं घड्याळ पाहून सांगितलं की सेकंदकाटा अडखळतोय. आईने खुर्चीवर चढून पाहिलं तर खरंच अडखळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाची किल्ली शोधणं सुरू झालं.

आता जेवणाच्या टेबलावर पंख आहे. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतो. घरभर गोंदाचा वास आणि बाल्साच्या त्या पांढऱ्या हलक्या लाकडाचा भुसा, आईच्या चष्म्यावरसुद्धा. बाबा बसत नाहीत. पॉलिश पेपर घासतात, उठतात, खिडकीशी जातात, समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे किती हलतायत ते बघतात, परत येतात. घरात अजून एकही पंख तयार नाही आणि ह्यांना वारा बघायचाय. त्यांचं बघून मलाही बसवत नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखी मी आपली या खोलीतून त्या खोलीत.

उडवणार कुठे, असं तुझ्या मनात आलं असेल. मैदानावरच. क्लबने त्यांना बंदी घातली होती ती कायमची नव्हती, हे तुला माहीत नसेल कारण तू तोवर निघून गेला होतास. तपासणीचं उड्डाण करून दाखवलं, दोन फेऱ्या आणि एक नीट उतरणं, तर पुन्हा घेतील. शिट्टीवाल्यांनी तारीख दिलीय. शिट्टीवाले आठवतात ना, क्लबचे सेक्रेटरी, गळ्यात शिट्टी, आणि विमानापेक्षा शिट्टीवरच जास्त प्रेम. २९ मार्च, रविवार, सकाळी नऊ. सहज सांगितलं. ये असं मी म्हणत नाही.

बाबांनी आयुष्यभर लोकांचे तराजू नि काटे दुरुस्त केले. आता ते मला पुन्हा पुन्हा सांगतात की हे शेवटचंच विमान, हे एकदा नीट उतरलं की कपाट तुझ्या नावावर. मला कपाट नकोय. पण हे त्यांना हवंय, इतकं हवं असलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

ताई


गुरुवार, १९ फेब्रुवारी

मुंगळ्या,

हे कामावरून लिहितेय. साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत मला वेळ असतो. समोर कुणा आजोबांची कवळी आहे, वरची, आणि ती माझ्याकडे बघून हसतेय. तिच्याइतकं हसू सध्या आमच्या घरात कुणाला येत नाही.

तू आईला मेसेज केलास, "त्यांना थांबवा." मला नाही, बाबांना नाही, आईला. म्हणजे पत्र वाचलंस. लांब राहून उंटावरून शेळ्या हाकायचं तुला चांगलं जमतं. आईने तो मेसेज बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, शेपूट चिकटवतोय, आत्ता थांबलो तर वाकडं चिकटेल.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही. तपासणीला ते एकटे उडवणार नाहीत. क्लबची अट आहे की दोन रिमोट तारेने जोडायचे. एक शिष्याचा, एक गुरूचा. गुरूने आपल्या रिमोटवरचं बटण दाबून धरलं की विमान शिष्याच्या हातात. बटण सोडलं की त्याच क्षणी विमान गुरूकडे. बाबांच्या हातात शिष्याचा रिमोट असणार. ज्यांनी अर्ध्या क्लबला शिकवलं त्यांना. दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "गुरूचा रिमोट धरला की हाताला किती घाम येतो, ते आता तुला कळेल."

हो, मला. गुरूचा रिमोट माझ्या हातात असणार आहे. मी गेल्या वर्षापासून क्लबात जाते. फोमचं एक स्वस्त विमान घेतलं, शिट्टीवाल्यांच्या शिट्ट्या ऐकल्या, झाडात अडकवलं, काढलं, पुन्हा अडकवलं. जानेवारीत पास झाले. बाबांनाही मी ते पास झाल्यावरच सांगितलं. त्या दिवशी चहा त्यांनी केला.

तुला वाटेल आम्ही बेफिकीर झालोय. येऊन बघ म्हणजे कळेल (ये असं म्हणत नाही). बॅटरी चार्ज करायची ती गॅलरीत, लोखंडी पेटीत, आणि शेजारी खुर्ची टाकून कुणीतरी बसायचं. परवा आईला दूध उतू जातंय असं वाटलं तर बाबांनी तिला उठू दिलं नाही. म्हणाले, दूध उतू जाऊ दे, बॅटरी पेटली तर घर जाईल. दूध गेलं. प्रोपेलर घरात असेपर्यंत विमानाला लावायचाच नाही, तो आईच्या शिवणाच्या डब्यात असतो. रिमोटचा आणि विमानाचा संबंध तुटला तर मोटर आपोआप बंद व्हायला हवी, हे त्यांनी इतक्या वेळा तपासलंय की मला ते स्वप्नात दिसतं. आणि सुकाणूची पट्टी बरोबर दिशेने हलते का हे बघायचं ते नेहमी विमानाच्या पाठीमागे उभं राहून. मी एकदा पुढून पाहिलं आणि डावं-उजवं उलटं सांगितलं, तर पुढचा अर्धा तास माझी शाळा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका शब्दावर. विमान एकाच्या हातून दुसऱ्याकडे द्यायचं तर हिसकाहिसकी नाही. देणाऱ्याने "घे" म्हणायचं. घेणाऱ्याने "घेतलं" म्हणायचं. "घेतलं" ऐकल्याशिवाय देणाऱ्याने रिमोटवरची दांडी सोडायची नाही. आम्ही ते बिनविमानाचं, सोफ्यावर बसून, रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणत बसतो. आई म्हणते, ह्यांचं डोकं फिरलंय की माझं.

प्लास्टर झालं. जाते.

ताई


मंगळवार, ३ मार्च

मुंगळ्या,

हे पत्र मी दोनदा फाडलंय. एकदा रागाने आणि एकदा शब्द दिला होता म्हणून. आता तो शब्द मोडतेय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण कधीतरी चावायचं ठरवावं लागतं.

परवा संध्याकाळी टेबलावर दोन्ही रिमोट होते. एक बाबांचा, एक तू कपाटात टाकून गेलेला तुझा. तारेने जोडायचे तर दोन्ही एकाच पद्धतीचे करून घ्यायला हवेत. तुझ्या रिमोटवर मोटरचा जोर डाव्या दांडीवर आणि नाक वर-खाली उजव्या दांडीवर, कारण तू कॉम्प्युटरवर आणि मित्रांच्यात शिकलास. बाबांचं बरोबर उलटं. जोर उजवीकडे, नाक डावीकडे, कारण त्यांच्या गुरूंचं तसं होतं. यात नवीन काही नाही. आपल्या घरात याच्यावरून केवढे वाद झाले आणि शेवटी ठरलं की ज्याचा रिमोट त्याने वापरावा.

विमान टेबलाला पट्ट्याने बांधलेलं होतं, प्रोपेलर काढलेला. मोटर नुसतीच गुणगुणत होती. माझ्या हातात बाबांचा रिमोट होता. मनात काय आलं कोण जाणे, मी तो तुझ्यासारखा चालवून पाहिला. विमान पडतंय, नाक वर करायचं, म्हणून उजवी दांडी मागे ओढली. मोटर बंद पडली. जोर द्यायचा म्हणून डावी दांडी पुढे ढकलली. शेपटीची पट्टी खाली गेली. शेपटीची पट्टी खाली म्हणजे विमानाचं नाक जमिनीकडे.

मी पुन्हा करून पाहिलं. तेच झालं.

त्या दिवशीचं मला तू सांगितलंस तेवढंच माहीत होतं. विमान उतरत होतं, पंख एका बाजूला कलंडला, बाबांचा हात थरथरत होता, तू त्यांच्या हातातून रिमोट हिसकावून घेतलास पण उशीर झाला होता. हेच ना? आणि बाबांनी क्लबला सांगितलं, माझा हात चळला. दोन्ही गोष्टी जुळत होत्या, मग कोण कशाला विचारणार.

बाबा पलीकडे पंखाची कड घासत होते. मोटर बंद पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. वर न बघता म्हणाले, प्रोपेलर काढलाय ना? मी म्हटलं, हो. मग चालू दे, म्हणाले.

मी विचारलं, त्या दिवशी पंख का कलला होता?

"वारा आडवा होता. आडव्या वाऱ्यात वाऱ्याकडचा पंख जरा पाडूनच उतरतात. मी पाडला होता."

"आणि हात?"

"हात थरथरतोच. कप धरला की थरथरतो. दांडी धरली की नाही."

मग त्यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. मी विचारलं, हे तुम्ही क्लबला का सांगितलं नाहीत, त्याला का सांगितलं नाहीत. मुंगळ्या, ते काय म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहितेय, एकही शब्द माझा नाही.

"त्या बाईंच्या केसांतून तो काचा वेचत होता. हात कापत होते त्याचे, माझे नव्हे. एवढासा झाला होता. त्याला तेव्हा सांगू, की हे तुझ्यामुळे झालं? मी म्हातारा. म्हाताऱ्याचा हात चळला म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत."

मी म्हटलं, तो घर सोडून गेला त्याचं काय?

"गेला तो चालत गेला," बाबा म्हणाले. "मोडून पडला नाही. ते बरं."

नंतर त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की हे त्याला कळवायचं नाही. मी मान हलवली. कशी हलवली ते त्यांनी नीट पाहिलं नाही, ती त्यांची चूक.

मला तुझा राग आलाय. त्या दिवशी चुकलास म्हणून नाही. घाबरला होतास, बाप चुकतोय असं वाटलं, हात पुढे केलास, मीही केला असता. राग याचा आलाय की दोन वर्षं त्यांच्या माथी सगळं मारून तू स्वच्छ राहिलास आणि त्यांनी तुला राहू दिलं. त्यांचाही आलाय. तुम्ही दोघं आपापल्या जागी एकमेकांना वाचवत बसलात आणि मधल्या मधे आई नि मी घरात फिरतोय.

हे वाचून काय करायचं ते तू बघ. मला मात्र आता एका जागी बसवत नाही.

ताई


शनिवार, १४ मार्च

मुंगळ्या,

तुझा मेसेज आला. "खरं आहे का?" एवढाच. दोन वर्षांनी मला पाठवलेला पहिला मेसेज, आणि त्यात माझं नावसुद्धा नाही.

खरं आहे. तुझ्याजवळ रिमोट नाही, तर नुसतं डोळे मिटून हात पुढे धर. पडणारं विमान सावरायला तुझे हात काय करतात ते बघ आणि मग बाबांच्या दांड्या आठव. मी सांगायची गरज पडणार नाही.

काल शेवटी न राहवून आईला सांगितलं. भाजी चिरत होती, सुरी थांबवली नाही. म्हणाली, "माझ्या सुईत दोरा कोण ओवतं? तेच ना? ज्याचा हात चळतो तो सुईत दोरा ओवेल?" म्हणजे हिला पहिल्यापासून संशय. आणि तोंडात मूग गिळून बसलेली. मी चिडले तेव्हा म्हणाली, एकाची बाजू घेतली की दुसरा जातो, एक तर आधीच गेला होता. मग कढई घासायला घेतली, जी घासलेलीच होती.

आता तुला एक सांगते. फोन करून माफी मागू नकोस. ते "कोण बोलतंय" म्हणतील आणि ठेवतील, आणि मग मी सांगितलं हे उघड होईल. विमान उतरेपर्यंत मला घरात भूकंप नकोय. त्यानंतर काय वाटेल ते कर.

विमान झालंय. निळं केलंय, पिवळं नको म्हणाले. पंखाखाली पांढरे जाड पट्टे आहेत म्हणजे वरची बाजू कुठली नि खालची कुठली ते लांबून कळावं. तोल बघायला लोक पंखाखाली दोन बोटं धरतात. बाबांनी बोटांवर भरवसा न ठेवता त्यासाठी चक्क एक छोटा काटा बनवला. शेपूट जड निघाली. नाकात शिशाचा तुकडा घातला, पुन्हा तोलला, पुन्हा घातला. कधी काळी सोनारांचे काटे लावणारा माणूस, त्याला अर्ध्या गुंजेचाही फरक खपत नाही.

गेल्या रविवारी मी ते पहिल्यांदा उडवलं. बाबांना अजून मैदानात प्रवेश नाही, ते रस्त्याच्या कडेला गाडीत बसले होते. लांबून संबंध तुटत नाही ना ते बघायला मी रिमोट कमी ताकदीवर ठेवून विमानापासून चालत लांब लांब गेले, पट्ट्या हलत राहिल्या. शिट्टीवाल्यांनी शिट्टी मारली. विमान उडालं, मुंगळ्या. जरासं डावीकडे ओढत होतं, ते दोन बोटांनी सारखं केलं. डोक्यावरून गेलं तेव्हा मला गाडीकडे बघायची फार इच्छा झाली, पण विमानावरून नजर काढायची नाही. उतरल्यावर पाहिलं तर बाबा गाडीच्या बाहेर उभे होते, बोनेटवर हात टेकून.

तेव्हापासून त्यांना चैन नाही. जेवण अर्धं टाकून खिडकीशी जातात. हवामानाचा अंदाज दिवसातून इतक्या वेळा बघतात की हवामानच कंटाळून बदलेल. काल म्हणाले, २९ तारखेला वारा आडवा असला तर? मी म्हटलं, तर पंख पाडा. ते हसले नाहीत. म्हणाले, "एकदा नीट उतरायचंय मला. लोकांसमोर. मग नाही उडवलं तरी चालेल."

मी काय सांगतेय ते तुला कळतंय ना. लोकांना ते त्यांचा हात दाखवणार आहेत. त्यांना दाखवायचाय तो लोकांना नाही.

२९ तारीख, नऊ वाजता. तुला आधी सहज म्हणून सांगितलं होतं. आता सहज नाही.

ताई


रविवार, २९ मार्च

मुंगळ्या,

तू आला होतास.

मी तुला पाहिलं नाही, मी विमान पाहत होते. बाबांनी पाहिलं. मैदानाच्या त्या टोकाला, कुंपणाच्या तारेपाशी, दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा. लहानपणापासून सामना बघतानासुद्धा तू तसाच उभा राहतोस. आणि आम्ही वळेपर्यंत तू निघून गेला होतास. एवढ्या लांबून आलास आणि पाणीसुद्धा न पिता गेलास. मला इतका राग आला की मी मैदानातच रडले. शिट्टीवाल्यांना वाटलं, तपासणीचं रडतेय.

तू का गेलास ते मला माहीत आहे. तू जे पाहिलंस ते असं असणार. पहिली फेरी झकास. दुसरी फेरी अर्धी झाली, विमान वळून उतरणीला लागणार, आणि तेवढ्यात बाबांनी हात रिमोटवरून खाली घेतले. मान खाली घातली. विमान मी उतरवलं, दोन उड्या मारून. तुला वाटलं असेल, गेला हात. ताई उगीच लिहीत होती, शेवटी म्हाताऱ्याचा हात गेलाच. आणि तुला ते बघवलं नाही.

पुन्हा अर्धंच पाहिलंस. लांबून बघितलंस की असं होतं, म्हणून जवळून काय झालं ते सांगते.

वारा आडवा होता. पहाटेपासून त्यांचं चाललं होतं की नको जाऊया, आणि गाडीत सगळ्यांच्या आधी तेच जाऊन बसले. मैदानावर त्यांनी सगळं नीट तपासलं, पट्ट्या पाठीमागून पाहिल्या, प्रोपेलर तिथेच लावला आणि हलवून पाहिला. मग शिष्याचा रिमोट गळ्यात अडकवला. मी बटण दाबून धरलं. विमान त्यांच्या हातात गेलं.

त्यांचे हात मी शेजारून पाहत होते. दांड्यांवर अंगठे होते आणि अंगठे हलत नव्हते, म्हणजे जेवढे हवे तेवढेच हलत होते. शिट्टीवाले बाजूला, शिट्टी तोंडात, पण वाजवायची वेळच येईना. पहिल्या फेरीत विमान मैदानाच्या मधल्या रेषेवरून असं गेलं की मागे कुणीतरी "वा" म्हणालं. दुसऱ्या फेरीला विमान त्या टोकाकडे, कुंपणाच्या बाजूला वळलं. बाबांची नजर विमानाच्या मागे गेली आणि विमानाखाली तू उभा.

त्यांनी नवीन डोळ्यांनी तुला एवढ्या लांबून ओळखलं.

विमान अजून सरळ जात होतं, हात अजून स्थिर होता, हे मी शपथेवर सांगेन, शिट्टीवालेही सांगतील. मग हळू आवाजात, सोफ्यावर बसून म्हणायचो त्याच आवाजात, ते म्हणाले, "घे."

मी म्हटलं, "घेतलं," आणि बटण सोडलं.

"मला दिसत नाहीये," ते म्हणाले. मी वळून बघू शकत नव्हते. विमान माझ्याकडे होतं आणि आडवा वारा ते रस्त्याकडे ढकलत होता. मी वाऱ्याकडचा पंख पाडला, त्यांनी शिकवला तसा, आणि उतरवलं. उड्या मारल्या त्या माझ्या. खाली टेकल्यावर मोटर बंद केली आणि मग बघितलं. बाबांचे दोन्ही डोळे वाहत होते आणि ते बाहीने पुसत होते, चष्मा नसण्याची सवय नसल्याने आधी चष्मा चाचपत होते. त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. तिथे कुणी नव्हतं.

ऐकतोयस का? त्यांचा हात नाही गेला. तू आलास म्हणून त्यांचे डोळे भरले. भरल्या डोळ्यांनी विमान उडवायचं नसतं, म्हणून त्यांनी दिलं. दोन वर्षांत ज्या एका गोष्टीसाठी जीव टांगणीला लावला होता, ती हातात असताना त्यांनी दिली, कारण तू खाली उभा होतास.

शिट्टीवाल्यांनी विचारलं, काय झालं काका? बाबा म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलं. शिट्टीवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, उतरणं तुमच्या हातून झालं नाही, तेव्हा आज पास करता येत नाही, नियम आहे. पण वेळेवर दिलंत, हे माझ्या लक्षात आहे. २६ एप्रिलला या. बाबा म्हणाले, येतो.

घरी येताना सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तू सांगितलंस ना त्याला?" मी म्हटलं, हो. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण घरी आल्यावर त्यांनी विमान टेबलावर न ठेवता कपाटावर ठेवलं, टेबल पुसलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही तिघं बसून जेवलो. आईने त्यांना तीनदा विचारलं, तो बारीक झालाय का. एवढ्या लांबून कसं कळणार, असं ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, झालाय.

संध्याकाळी मी तुला लिहायला बसले तर ते मागे येऊन उभे राहिले. वाचलं नाही. काही निरोप आहे का, असं मी विचारलं. बराच वेळ खिडकीशी जाऊन समोरचे कपडे बघत राहिले. मग जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत पाठवतेय.

"त्याला लिही, कुंपणापाशी उभं राहू नये. ती जागा विमानं उतरण्याच्या वाटेत येते, एखादं अंगावर येईल. बघायचं असलं तर आत यावं आणि माझ्या पाठीमागे उभं राहावं."

ताई